झोपेआधीची भीती आणि सावकाश सोडलेला श्वास

दिवसभर हुंदडणारे मूल दिवा मालवताच आईचा हात घट्ट धरते. “पलंगाखाली कोणीतरी आहे.” “उद्या बाई रागावल्या तर?” “तू कुठे जाणार नाहीस ना?” हे सारे रात्रीच का सुचते? दिवसा शाळा, खेळ, मित्र यांत मन गुंतलेले असते. रात्री सगळे शांत झाले की आत साठलेली काळजी वर येते. “घाबरण्यासारखे काही नाही,” हे आपले म्हणणे खरे असले, तरी धडधडणारी छाती केवळ शब्दांनी शांत होत नाही. तिथे श्वास उपयोगी पडतो.

श्वास आणि मन

घाबरलेल्या मुलाचा श्वास भरभर आणि छातीत वरच्यावर चालतो. गाढ झोपेत तोच संथ होतो. मन बदलले की श्वास बदलतो, तसेच श्वास बदलला की मनही बदलते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणूनच सावकाश, लांब सोडलेला श्वास शरीराला विश्रांतीकडे नेतो. महर्षी पतंजलींनीही योगसूत्रांच्या समाधिपादात मन शांत करण्याच्या उपायांमध्ये श्वास बाहेर सोडण्याचा उल्लेख केला आहे.

सुरुवात आपल्यापासून

मूल आपल्या शब्दांच्या आधी आपला चेहरा आणि आवाज वाचते. आपणच दमलेले, चिडलेले असलो तर “शांत हो” या शब्दांना अर्थ उरत नाही. मुलाजवळ जाण्यापूर्वी स्वतः दोन मिनिटे डोळे मिटून बसा आणि दहा श्वास सावकाश सोडा.

तीन सोपे प्रकार

१. पोटावरची होडी : मुलाला पाठीवर झोपवून पोटावर त्याचे आवडते हलके खेळणे ठेवा. श्वास घेताना होडी वर जाते, सोडताना खाली येते. मुलाने फक्त ती पाहायची. लहान मुलांना हे सर्वांत लवकर जमते.

२. गरम भातावरची फुंकर : मनात तीन मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा आणि पाच मोजेपर्यंत, वाफाळता भात निववतो तशी हलकी फुंकर घालायची. पाच-सहा वेळा पुरे.

३. भुंग्याची गुणगुण : हा भ्रामरी प्राणायाम. हठयोगप्रदीपिकेत त्याचे वर्णन आहे. श्वास घेऊन ओठ मिटायचे आणि सोडताना ‘म्‌’चा गुंजारव करायचा. आपणही सोबत करा. अंधारात आपला आवाज मुलाला आधार देतो.

हे लक्षात ठेवा

• हे प्रकार आधी दिवसा, खेळ म्हणून शिकवा. भीतीने रडणाऱ्या मुलाला नवी गोष्ट शिकता येत नाही.
• श्वास रोखून धरायला लावू नका. झोपण्यापूर्वी जोरकस, वेगवान प्राणायाम नको.
• नाक चोंदले असेल तर जबरदस्ती नको. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबा. दमा असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.
• करायचे नसेल तर आग्रह धरू नका. आपण शेजारी पडून संथ श्वास घेत राहा.

आधी ऐका

श्वास हा मुलाला गप्प करण्याचा उपाय नाही. शाळेत कोणी त्रास देत असेल, घरातले भांडण कानावर पडले असेल, कोणाचा स्पर्श नकोसा वाटला असेल, तर रात्रीची भीती तेच सांगत असते. छाती शांत झाली की मुलाला बोलता येते. त्या वेळी उपदेश न करता ऐका आणि जे कळेल त्यावर दुसऱ्या दिवशी कृती करा. भीती कित्येक आठवडे टिकली, झोप, जेवण किंवा शाळा बिघडू लागली, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकांची मदत घ्यायला संकोच करू नका.

आज रात्री पाच मिनिटे काढा. मोबाइल बाजूला ठेवा, दिवा मंद करा आणि मुलाच्या शेजारी पडून एकत्र श्वास सोडा. मूल मोठे होईल, एकटे झोपू लागेल, परीक्षेला बसेल, परगावी जाईल. तेव्हा आपण जवळ नसू, पण ही शिदोरी त्याच्याजवळ असेल.