आधी दुसरी प्रत, मग सर्व्हर

घरातली जुनी कॉमिक्स स्कॅन करून आपल्याच छोट्या सर्व्हरवर ठेवायची आणि घरच्यांनी ती मोबाइलवर वाचायची, ही हौस परभणीत बसूनही थोडक्या खर्चात भागते. प्रोग्रामिंग यावे लागत नाही. सांभाळावे लागते ते दोन गोष्टींना: अवेळी जाणारी वीज आणि मे महिन्याचे ऊन. दोघांनीही माझ्या संग्रहाला तडाखे दिले.

संग्रह तसा साधाच. १९६४ साली सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे मराठी अंक, म्हणजे मुख्यतः वेताळ आणि मँड्रेक, शिवाय ‘अमर चित्र कथा’. काही ‘किशोर’ही होते, पण ते स्कॅन करत बसू नका. बालभारतीने जुने ‘किशोर’ संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवले आहेत.

पहिला सर्व्हर रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर चालत होता. बोटभर मेमरी कार्ड, नगण्य वीज, आवाज नाही. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वीज गेली-आली-गेली आणि कार्डवरची फाइल-व्यवस्था मोडली. कॉमिक्स वेगळ्या डिस्कवर असल्याने वाचली. कोणी कुठपर्यंत वाचले याच्या खुणा आणि घरच्यांची खाती मात्र गेली.

म्हणून नवख्याला मी जुना लॅपटॉप सुचवतो. त्याची बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावरही तो दचकत नाही. फुगली असेल तर मात्र आधी बदला. रास्पबेरी पायच वापरायचा असेल तर घरच्या इन्व्हर्टरवरचे बटण ‘यूपीएस’कडे करून ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना जो क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो.

दुसरा तडाखा डिस्कला बसला. पत्र्याखालच्या खोलीत उन्हाळ्यात ती टकटक करू लागली आणि मग उघडेचना. काही पोर्टेबल हार्ड डिस्क ५ ते ३५ अंश तापमानातच चालवाव्यात, असे त्यांचे उत्पादकच सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे असतो आणि पत्र्याखाली तर विचारूच नका. दुपारी सर्व्हर बंद ठेवा, नाहीतर तो घरातल्या सगळ्यात थंड खोलीत हलवा. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी घेतली तर आणखी बरे.

आता मांडणी. पिना अलगद काढून पाने ३०० डीपीआयला स्कॅन करा. नावे ००१, ००२ अशी द्या, कारण काही वाचन-अ‍ॅप दहावे पान दुसऱ्याच्या आधी दाखवतात. सगळी पाने झिप करून फाइलचे शेपूट ‘सीबीझेड’ केले की कॉमिक तयार. कोम्गा किंवा कव्हिता हे मोफत सर्व्हर-प्रोग्राम ती थेट वाचतात. कोम्गा प्रत्येक फोल्डरला एक मालिका समजतो, तेव्हा ‘इंद्रजाल’ आणि ‘अमर चित्र कथा’ एकात कोंबू नका. अंकाचे नाव, क्रमांक, लेखक ही माहिती ‘कॉमिकइन्फो’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहून त्याच झिपमध्ये घाला. मग उद्या सर्व्हर बदलला, तरी माहिती अंकासोबत जाते.

घराबाहेरून वाचायचे असेल तर राउटरवर पोर्ट उघडण्याच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच इंटरनेट जोडण्यांमध्ये अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटलेला असल्याने ते चालतही नाही, आणि चाललेच तर सर्व्हर साऱ्या जगासमोर येतो. टेलस्केलसारखी खासगी जोडणी करा. पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याच्या मोबाइलवर माझा सर्व्हर तसाच उघडतो. दुवा मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हक्क टिकतात. घरात वाचणे वेगळे आणि गावभर वाटणे वेगळे.

राहिली सगळ्यात मोठी गोष्ट. सर्व्हर म्हणजे नुसती खिडकी. खरी लायब्ररी त्या फाइली. त्यांच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. माझी एक डिस्क आता सेलूला बहिणीकडे असते. सणावाराला गेलो की नवे अंक भरून येतो. आपोआप जुळवून घेणाऱ्या फोल्डरला बॅकअप समजू नका: इथली फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते. सर्व्हरचा डेटाबेसही अधूनमधून कॉपी करा, वाचनाच्या खुणा त्यातच असतात. आणि कॉपी केली की उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप भरवशाचा नसतो.

स्कॅन झाले म्हणून कागदी अंक रद्दीत घालू नका. माझी डिस्क गेली तेव्हा कपाटातले अंक होते, म्हणूनच ते पुन्हा स्कॅन करता आले.