कोयता कसा निवडावा

पावसाळा सरला कीं कोकणांत कुंपणाचीं झुडपें छाटणें, राबासाठीं कवळ तोडणें, हीं कामें निघतात. त्यांस कोयता कसा निवडावा, हें येथें आम्ही पाहूं.

चकाकीस न भुलतां प्रथम पातें पाहावें. नुसतें पाणी दिलेलें पोलाद कठीण, पण कांचेसारखें ठिसूळ असतें. म्हणून लोहार तें पुन्हां बेतानें तापवून चिवट करितो. धारेवर कानस हलकेच घासावी. ती सरसर चालली तर धार मऊ. मुळींच न लागली तर धार उडण्याचें भय.

मग वजन. पातें टोंकाकडे जड असलें म्हणजे घाव भारानेंच बसतो व हात कमी शिणतो. परंतु अति जड कोयता थकल्या हातास आवरत नाहीं. निसटला तर पायावर येतो. टोंकाची वांकडी चोंच फांदी ओढून धरिते आणि दगडापासून धार राखिते. मूठ हलतां कामा नये. पात्याचें शेपूट तिच्यांतून आरपार जाऊन ठोकून वळविलेलें असावें.

पालकांस एवढीच विनंति: सदरा वाढत्या अंगाचा शिवावा, कोयता मात्र मुलाच्या आजच्या हाताचा घ्यावा.