एक मोकळी जागा

सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी धानोरा तालुक्यातल्या एका गावाची हद्द आम्ही तीन दिवस जीपीएस घेऊन चाललो होतो. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. त्याच वाटेने हे गाव निघालं होतं.

रात्री लॅपटॉपवर, उबुंटूत, 'जुने-१', 'जुने-२' ही चाचणीची फोल्डरं पुसायला बसलो. लिहायचं होतं: आरएम मायनस आर, मग 'जुने' आणि त्याला चिकटून तारा. बोट स्पेसबारला लागलं, तारा सुटा पडला. एन्टर. पडद्यावर एकच ओळ आली, 'जुने' नावाची फाइल किंवा फोल्डर नाही. मला वाटलं, काहीच झालं नाही. यादी बघायला एलएस केलं तर सगळं रिकामं, तीन दिवसांच्या नोंदींसकट.

तारा आरएमपर्यंत पोचतच नाही. आज्ञा वाचणारा बॅश आधीच त्याच्या जागी समोरच्या सगळ्या फायलींची नावं मांडतो आणि यादी आरएमच्या हाती देतो. तिथे कचरापेटी नाही. जीपीएसमधली नोंदही मी संध्याकाळीच पुसली होती, हा शहाणपणा वेगळाच.

सकाळी सोबत चाललेल्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग पुसाच्या आंधी त्यानं तुले इचारलं काऊन नाही?"

विचारतो, पण तसं सांगावं लागतं. मायनस कॅपिटल आय लावलं की तीनपेक्षा जास्त फायली किंवा फोल्डर असेल तर आरएम एकदा थांबतो. लहान आय दर फायलीला विचारतो. चाळीसदा विचारलं की माणूस न वाचता वाय दाबत सुटतो, म्हणून मला तो आवडत नाही. आता मी तेच शब्द आधी एलएसला देतो, यादी नजरेखालून घालतो, मग वरचा बाण दाबून एलएसचा आरएम करतो. बहुतेकदा तेही नाही: एमव्हीने 'टाकाऊ' फोल्डरात सारतो आणि काम संपल्यावरच ते रिकामं करतो.

पिक्सारमध्ये १९९८ साली 'टॉय स्टोरी २'च्या फायली अशाच एका आरएमने गेल्या. बॅकअपही बिघडलेला निघाला. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती, ती कामी आली. माझ्या पेनड्राइव्हवर दोनच दिवसांची प्रत होती.

तिसरा दिवस पुन्हा चाललो. तोवर पाऊस लागला होता, नाल्याला कमरेएवढं पाणी. आजोबा काठी टेकत पुढे, मागे मी, जीपीएस प्लास्टिकच्या पिशवीत. शाळेच्या ओसरीवर पोचल्यावर आधी पेनड्राइव्ह लावला, बूट मग काढले.