तीर्थक्षेत्रातील खाद्यगृहांची तपासणी

काशीत पंचगंगा घाटाजवळ मंगला गौरीचे मंदिर आहे. महाराष्ट्रात नवविवाहित मुली श्रावणातील मंगळवारी जिचे पूजन करतात, तीच ही मंगळागौर. घाटांच्या या परिसरात अनेक महाराष्ट्रीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. काशीच्या गल्लीबोळांतून जाताना यात्रेकरूस कचोरी, जिलेबी, रबडी, लस्सी यांची दुकाने ठिकठिकाणी लागतात. तो तेथे खातो आणि एकदोन दिवसांत परगावी निघून जातो. या एका गोष्टीमुळे तीर्थक्षेत्रातील अन्नशुद्धीचा प्रश्न इतर गावांपेक्षा बिकट होतो.

दूषित अन्नाचे परिणाम नेहमीच लगेच दिसत नाहीत. स्टॅफिलोकोकस जंतूंच्या विषाने साधारणतः एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू होतात. साल्मोनेला जंतूंचा उपद्रव जाणवण्यास 6 ते 72 तास लागू शकतात. विषमज्वर तर बहुधा एक ते तीन आठवड्यांनी प्रकट होतो. तोवर यात्रेकरू नाशिकला किंवा नागपूरला पोहोचलेला असतो. नित्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन तक्रार करते. यात्रेकरूची तक्रार दुकानापर्यंत सहसा पोहोचत नाही. त्यामुळे आपल्या हातून काय घडले, हे दुकानदारासही कळत नाही. अशा ठिकाणी परिणामांची वाट न पाहता कारणेच शोधून काढावी लागतात. तपासणीचे प्रयोजन ते हेच.

खव्याचे उदाहरण घ्यावे. दूध आटवताना त्यातील बहुतेक जंतू मरतात. परंतु पुढे खवा हातांनी मळला जातो. नाकात किंवा बोटावरील जखमेत असणारे स्टॅफिलोकोकस जंतू त्या वेळी त्यात शिरू शकतात. सुमारे 5 ते 60 अंश सेल्सिअस या दरम्यान रोगजंतूंची वाढ होण्याचा धोका असतो. अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या 20 मिनिटांत दुप्पट होते. या गतीने एकाच जंतूपासून सात तासांत 20 लाखांहून अधिक जंतू होतील. त्यांनी निर्माण केलेले विष अर्धा तास उकळल्यानेही पुरते नष्ट होत नाही, आणि रुची किंवा वास यांत फरक न पडताही ते असू शकते.

म्हणूनच तपासणी केवळ डोळ्यांनी करून भागत नाही. पाणी कोठून येते, हात धुण्याची सोय आहे काय, कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली आहे काय, कच्चे व शिजलेले अन्न वेगळे ठेवले जाते काय, आणि अन्न कोणत्या उष्णतामानात किती वेळ राहते, हे अधिकाऱ्याने पाहावयाचे असते.

भारतात 1954 साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याची जागा पुढे 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. या कायद्यानुसार अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे सामान्यतः चार भाग करतो. एक भाग विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात; चौथा भाग दुकानदाराने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. अशा रीतीने दुकानदारासही न्याय मिळण्याची तजवीज केलेली आहे. नियमभंग आढळल्यास सुधारणेची नोटीस देता येते व तिच्यात किमान 14 दिवसांची मुदत द्यावी लागते. तरीही सुधारणा न झाल्यास परवाना प्रथम स्थगित व नंतर रद्द होऊ शकतो. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार करणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अधिकारी येतो तो थोड्या वेळापुरता. जंतूंची वाढ मात्र अहोरात्र चालते. यासाठी उष्ण पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली आणि हात स्वच्छ, हा नियम दुकानदाराने रोज पाळावयास हवा. दर्शन घेऊन परतणारा यात्रेकरू दोष सांगण्यासाठी पुन्हा येणार नाही. त्याचे रक्षण तो खावयास बसण्यापूर्वीच झाले पाहिजे.