किनाऱ्यावर खोकला का येतो?

फ्लोरिडात टॅम्पा किंवा सारासोटाच्या बाजूला मुलाकडे, लेकीकडे राहायला गेलेल्या ज्येष्ठांची एक तक्रार असते. घरात बरं वाटतं, समुद्रावर गेलं की खोकला सुटतो. डोळे चुरचुरतात, नाक गळतं, घसा खवखवतो. आपण एसीला नाहीतर खाऱ्या वाऱ्याला दोष देऊन मोकळे होतो. पण किनाऱ्याला मेलेले मासे लागलेले दिसले, तर रेड टाइडची शंका घ्या.

मेक्सिकोच्या आखातात कॅरेनिया ब्रेव्हिस नावाचं एकपेशीय शैवाल असतं. बहुतेक वेळा उन्हाळा सरताना ते अतोनात वाढू लागतं. यालाच रेड टाइड म्हणतात. 2017 च्या ऑक्टोबरात सुरू झालेला प्रकोप 2019 उजाडलं तरी पुरता ओसरला नव्हता. या पेशी फार नाजूक. लाटांच्या माऱ्यात त्या फुटतात, त्यातलं ब्रेव्हेटॉक्सिन हे विष तुषारांवाटे हवेत मिसळतं आणि वाऱ्याबरोबर जमिनीकडे येतं. ते श्वासात गेलं की श्वासनलिका आवळल्या जातात. म्हणजे पाण्यात पाऊलही न टाकता, नुसतं बाकावर बसून त्रास होऊ शकतो. पाणी लालच दिसेल असंही नाही.

धडधाकट माणूस किनाऱ्यावरून परतला की सहसा थोड्या वेळात सावरतो. दमेकऱ्यांचं तसं नाही. सारासोटाजवळच्या सिएस्टा बीचवर संशोधकांनी दम्याच्या रुग्णांच्या फुप्फुसांची चाचणी किनाऱ्यावर तासभर घालवण्याआधी आणि नंतर घेतली. रेड टाइडच्या दिवशी त्यांची श्वासाची क्षमता घटलेली आढळली, आणि काहींचा त्रास पुढे काही दिवस टिकला. तेव्हा दमा किंवा सीओपीडी असेल, तर ‘जरा पाय मोकळे करून येतो’ हा हट्ट त्या दिवशी नको.

आधी वारा बघा. समुद्रावरून जमिनीकडे वाहत असेल तर फिरणं दुसरीकडे. मोट मरीन लॅबोरेटरी तिथल्या किनाऱ्यांची स्थिती कळवत असते. नातवंडाला मोबाइलवर बघायला सांगा. घर समुद्रालगत असेल तर खिडक्या लावून एसी चालवा. नियमित पंप चुकवू नका, आणि तातडीचा पंप सुटकेसमध्ये नव्हे, खिशात ठेवा. वाफारा, हळदीचं दूध घशाला बरं वाटावं म्हणून जरूर घ्या. आवळलेली श्वासनलिका त्यानं उघडत नाही.

हौसेनं तिथले शिंपले, कालवं वेचून आणू नका. कितीही शिजवलं तरी हे विष जात नाही.

कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात त्याची भीती मात्र बाळगू नका. ते नॉक्टिल्युका, जीव वेगळा. त्यात ब्रेव्हेटॉक्सिन नसतं.

पंप घेऊनही धाप थांबत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मुलगा कामावरून परतायची वाट बघू नका. 911 ला फोन करा.