'उद्या' कोणाचा?



इंग्रजीचा धडा म्हटला की काळ, कर्ता, कर्म यांची जंत्री डोळ्यांपुढे येते आणि निम्मे वाचक पान उलटतात. म्हणून आज नियमापासून सुरुवात न करता एका चिठ्ठीपासून करतो. ती चिठ्ठी मीच लिहिली होती आणि तिच्यापायी एका भल्या माणसाला सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मुकावे लागले.

गोष्ट 2004 सालची. मी तेव्हा कुवेत शहरातल्या मिरकाब भागात राहत होतो. बसस्थानक, जुन्या इमारती, भारतीय खाणावळी आणि एकेका खोलीत पाच-सहा बिऱ्हाडकरू, असा तो भाग. आमच्याच मजल्यावर रोह्याकडचा एक गवंडी राहत असे. त्याला आम्ही सगळे गवंडीदादा म्हणत असू. त्याला इंग्रजी येत नव्हते. माझ्याकडे टेलिफोन होता आणि इंग्रजीही बऱ्यापैकी होते, म्हणून त्याचे निरोप माझ्याकडे येत.

त्याचा पासपोर्ट इकाम्याच्या कामासाठी एका कचेरीत अडकला होता. शुक्रवारी रात्रीचे विमान, रविवारी गावी लग्न. मंगळवारी संध्याकाळी कचेरीतल्या माणसाचा फोन आला : 'पासपोर्ट विल बी रेडी टुमॉरो. टेल हिम टु कम बिफोर वन.' गवंडीदादा रात्रपाळीला गेला होता. बुधवारी सकाळी कामावर निघताना मी त्याच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. फोरमनला दाखवून तासाभराची सुटी मागता यावी म्हणून ती इंग्रजीत लिहिली, वर नेटकेपणाने बुधवारची तारीख घातली, आणि खाली लिहिले : 'दे सेड द पासपोर्ट विल बी रेडी टुमॉरो.'

माझ्या मनात वाक्य मराठी होते : ते म्हणाले की पासपोर्ट उद्या तयार होईल. म्हणजे त्यांचा उद्या, म्हणजे बुधवार, म्हणजे आजच. फोरमनने चिठ्ठी वाचली, तारीख पाहिली आणि सांगितले, 'टुमॉरो. उद्या जा.' त्याचे काहीच चुकले नाही. त्या काळी कुवेतमध्ये सरकारी सुटी गुरुवार-शुक्रवारची असे (1 सप्टेंबर 2007 पासून ती शुक्रवार-शनिवार झाली) आणि ती कचेरीही तोच शिरस्ता पाळी. गुरुवारी गवंडीदादा गेला तो कुलपापाशी. पासपोर्ट शनिवारी मिळाला, विमानात जागा सोमवारची मिळाली. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

आता व्याकरण.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी माणूस बहुधा त्याचे शब्द जसेच्या तसे उचलतो. 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' यातला 'मी' माझा नव्हे, त्याचा. 'येतो' हा वर्तमानकाळही त्याचाच. आणि 'उद्या' तोही त्याचाच. 'की' हा शब्द उंबरठ्यासारखा आहे. तो ओलांडला की आपण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या दिवसात शिरतो. 'असे तो म्हणाला' हे शेवटी लावले तरी बहुतेक वेळा हाच प्रकार.

इंग्रजीत अवतरणचिन्हे काढली की हे घर मोडते. 'ही सेड ही वुड कम टुमॉरो' यात 'आय' जाऊन 'ही' आला, 'विल'चे 'वुड' झाले, आणि 'टुमॉरो' आता सांगणाऱ्याच्या तोंडून मोजला जातो. निरोप कोणत्याही दिवशीचा असो, 'टुमॉरो' म्हणजे मी हे वाक्य उच्चारतो आहे त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझी सगळी चूक एवढ्या एका शब्दात होती. मंगळवारचा 'टुमॉरो' मी बुधवारच्या कागदावर उचलून ठेवला. 'टुडे' लिहायला हवे होते, किंवा सरळ 'वेन्सडे'.

शाळेत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर किंवा रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणावर वाढलेली मंडळी म्हणतील, यात नवे काय? 'नाऊ'चे 'देन', 'टुडे'चे 'दॅट डे', 'यस्टरडे'चे 'द डे बिफोर', 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे', हे कोष्टक आम्ही घोकले आहे. खरे आहे, मीही घोकले होते. पण ते कोष्टक अर्धवट आठवणे हा दुसरा धोका. आज सकाळी कोणी म्हणाला, 'मी उद्या येईन', आणि आज दुपारी तुम्ही ते सांगत असाल, तर इंग्रज माणूस 'द नेक्स्ट डे' कधीच म्हणणार नाही. तो 'टुमॉरो'च म्हणेल, कारण त्याचा उद्या आणि तुमचा उद्या एकच आहे. महिन्याने सांगितले तर मात्र 'द नेक्स्ट डे'. म्हणजे शब्द 'सेड'मुळे बदलत नाही, मध्ये दिवस उलटला म्हणून बदलतो. कोष्टकात हे कारण छापलेले नसते म्हणून मुले यंत्रासारखी बदलत सुटतात आणि परीक्षेत गुण मिळवतात. माझ्या मते कोष्टक फाडून टाकावे आणि एकच प्रश्न विचारावा : हा दिवस मी आज कुठे उभा राहून मोजतो आहे?

'विल' ठेवायचे की 'वुड' करायचे हा वेगळा प्रश्न. येणे अजून व्हायचे असेल तर इंग्रज लोक दोन्ही म्हणतात. 'वुड' केले म्हणून दिवस सुधारत नाही. मी चिठ्ठीत 'वुड' लिहिले असते तरी गवंडीदादा गुरुवारीच गेला असता.

'अगो' या शब्दाचीही तीच तऱ्हा. 'अगो' आजपासून मागे मोजतो. गोष्टीतल्या एखाद्या दिवसापासून मागे मोजायचे तर 'बिफोर' किंवा 'अर्लियर'. मार्चमध्ये कोणी म्हणाला, 'आई दोन दिवसांपूर्वी वारली', आणि मेमध्ये तुम्ही 'ही सेड हिज मदर हॅड डाइड टू डेज अगो' असे लिहिलेत, तर वाचणारा परवाच वारली असे समजून सांत्वनाचे पत्र धाडील.

आपल्या मराठीतही सगळे एकसारखे नाही, हे मला फार उशिरा उमगले. 'तो उद्या येणार म्हणे' यात 'उद्या' कोणाचा? इथे 'की' नाही, उंबरठा नाही. हा उद्या माझा आहे. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' आणि 'तो उद्या येणार म्हणे' ही दोन वाक्ये तीन दिवसांनी बोलून पाहा, फरक आपोआप कळेल. इंग्रजीचे साधे वाक्य आपल्या 'म्हणे'च्या जवळचे आहे, 'की'च्या नव्हे. एवढी खूणगाठ बांधली तरी पुष्कळ काम होते.

इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्यांना हिब्रूकडून मदत होईल आणि फसगतही होईल. 'हू अमार शे-हू यावो माहार' यात हिब्रू माणूस 'मी' काढून 'तो' घालतो, पण क्रियापद भविष्यकाळीच ठेवतो, इंग्रजीसारखे मागे ढकलत नाही. म्हणजे काळाच्या बाबतीत हिब्रू मराठीची शेजारीण. एका बाबतीत मात्र ती आपल्यापेक्षा शहाणी. आपला 'परवा' मागचाही आणि पुढचाही. हिब्रूत 'शिलशोम' आणि 'मोहोरातायिम' असे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीत तर 'कल'सुद्धा दोन्हीकडे तोंड करून बसलेला. मिरकाबच्या खोल्यांत हिंदी हीच सामाईक भाषा. 'साहबने कल बोला था' हे ऐकून 'था'कडे कान देऊन बसावे लागे. आणि अरब शेजारी 'लेलत अल-जुमुआ' म्हणजे जुम्म्याची रात्र म्हणाला, तर जुन्या रीतीने ती गुरुवारची रात्र. आपल्याकडे शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. इतर भारतीय मात्र जेवणाच्या आमंत्रणाला एक दिवस उशिरा पोहोचत.

आणखी एक खोच सांगतो, ती शब्दाची नव्हे तर जागेची. 'ही सेड ऑन मंडे ही वुड पे.' सोमवारी म्हणाला, की सोमवारी पैसे देणार? वाक्यावरून कळत नाही. इंग्रजी बोलताना आवाजाच्या हेलकाव्यावर निभते, कागदावर निभत नाही. यावर तोडगा म्हणजे 'दॅट' : 'ही सेड ऑन मंडे दॅट ही वुड पे' म्हणजे म्हणाला सोमवारी, 'ही सेड दॅट ऑन मंडे ही वुड पे' म्हणजे देणार सोमवारी. एरवी इंग्रज माणूस 'दॅट' सर्रास गाळतो, पण क्रियापदानंतर वार आला तर तो ठेवावा असे अमेरिकेच्या 'एपी' वृत्तसंस्थेचे नियमपुस्तकही वार्ताहरांना बजावते. आपला 'की' तेच काम करतो. 'तो म्हणाला सोमवारी देईन' यात 'की' गाळला की आपणही त्याच खड्ड्यात.

कादंबऱ्या वाचणाऱ्यांनी गोंधळू नये. तिथे 'शी वॉज लीव्हिंग टुमॉरो' असे भूतकाळ आणि 'टुमॉरो' शेजारी शेजारी सापडतील. तिथे लेखक पात्राच्या मनात बसून बोलत असतो. जेन ऑस्टिनपासून ही तऱ्हा प्रसिद्ध आहे. निरोपाच्या चिठ्ठीत ती चालत नाही.

सरावासाठी तीन वाक्ये देतो. आज गुरुवार आहे असे धरा आणि 'की' न वापरता इंग्रजीत सांगा : (1) भाऊ मंगळवारी म्हणाला की मी परवा निघतो. (2) वहिनी आज सकाळी म्हणाल्या की मी उद्या फोन करते. (3) डॉक्टर काल म्हणाले की दोन दिवसांपूर्वी ताप होता.

पहिल्यात 'टुडे' येईल, दुसऱ्यात 'टुमॉरो' तसाच राहील. तिसऱ्यात 'टू डेज अर्लियर' म्हणा, किंवा सरळ 'ऑन मंडे'. मी हल्ली वारच लिहितो.