चावी देण्याआधी कागद द्या

बारावी झाली की आपल्या ईट गावातली पोरं पुण्याची वाट धरतात. कोणी सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करतं, कोणी चाकणला कंपनीत लागतं. खोली कशी शोधायची हे आधी गेलेली पोरं सांगतात. मुदतीआधी ती सोडायची कशी, हे मात्र कोणी सांगत नाही आणि पैसे अडकतात ते तिथेच. नोकरी बदलते, निकाल लागतो, घरी आईचं दुखणं निघतं, आणि अकरा महिन्यांच्या करारातले पाच महिने अजून शिल्लक असतात. अशा वेळेसाठी भाड्याच्या घरांत आयुष्य काढलेल्या आम्हा म्हाताऱ्यांचे हे चार शब्द. बाडबिस्तरा कधी हलवायचा ते तुम्ही ठरवा, पण भाडं कधी थांबणार हे नोटीस मालकाच्या हातात कधी पडली यावर ठरतं.

सही करतानाच सोडायची अट वाचा. करारात भाडं आणि डिपॉझिट सगळेच बघतात. तुम्ही तीन गोष्टी आणखी बघा: नोटीस किती दिवसांची, लॉक-इन किती महिन्यांचा, आणि जाताना रंगरंगोटीचे पैसे कोणाचे. बहुतेक करारांत एक महिन्याची नोटीस असते. लॉक-इन म्हणजे तेवढे महिने सोडायचं नाही, अशी कबुली. बदलीची नोकरी असेल तर ‘बदली झाल्यास लॉक-इन लागू नाही’ ही ओळ सहीआधीच घालून घ्या. सहीनंतर मालक ती घालायला बसलेला नसतो.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर येतं.

आधी भेटा, मग लिहा, आणि दोन्ही एकाच दिवशी करा. नुसती नोटीस धाडली की मालक दुखावतो. नुसतं तोंडी सांगितलं की महिन्याने म्हणतो, ‘मला कुठं सांगितलंत?’ सकाळी जाऊन अडचण सांगा, संध्याकाळपर्यंत कागद द्या. भीड धरलीत तर पुढच्या महिन्याचं भाडं अंगावर बसेल.

नोटीस चार ओळींची पुरते. त्यात रडगाणं नको, कारणही एका वाक्यात. नमुना असा: ‘आपल्यात अमुक तारखेला नोंदवलेल्या करारातील अमुक कलमानुसार मी एक महिन्याची नोटीस देत आहे. अमुक तारखेला खोली रिकामी करून चावी देईन. त्याआधी आपल्या सोयीने खोली पाहून घ्यावी. डिपॉझिट खालील खात्यावर जमा करावे.’ खाली तारीख, सही, नवा पत्ता.

पोहोच घेतल्याशिवाय परतू नका. दुसऱ्या प्रतीवर मालकाची सही आणि तारीख घ्या. सही द्यायला तो टाळत असेल तर करारातल्या पत्त्यावर टपालाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा स्पीड पोस्टाने धाडा आणि पोहोचल्याची नोंद जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटोही टाका, पण करारात ‘लेखी नोटीस’ म्हटलं असेल तर तेवढ्यावर भागवू नका.

‘राहिलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा’ हे मनाने ठरवू नका. मालकाने लिहून होकार दिला तरच. नाहीतर शेवटच्या महिन्याचं भाडं थकलं म्हणून तुम्हीच दोषी ठरता आणि खरा मुद्दा बाजूला पडतो.

लॉक-इन मोडला म्हणजे सगळं डिपॉझिट गेलं असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. म्हणून नवा भाडेकरू तुम्हीच शोधून द्या. खोली आठवड्यात भरली तर मालकाचं नुकसान आठवड्याचंच, आणि बोलणीही तिथूनच सुरू करता येतात.

डिपॉझिटसाठी खोली अडवून बसू नका. करार संपल्यावरही जागा सोडली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. मालकानेही तुम्हाला घालवायला विनाकारण पाणी-वीज तोडायची नसते. कायद्याने तेही मना आहे. चावी आणि डिपॉझिट यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत करायचं आधीच ठरवा. रिकाम्या खोलीचा, नळांचा, भिंतींचा व्हिडिओ काढा. वीज मीटरचं रीडिंग मालकासमोर टिपा.

गावातल्या गाळ्याचा हिशेब वेगळा. ईटच्या बाजारात कित्येक गाळे शब्दावर दिलेले असतात. महिन्याच्या भाड्याचा लेखी करार नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि ते पंधरा दिवस नोटीस मिळाल्यापासून धरतात. माल तयार करायला जागा घेतली असेल तर मात्र सहा महिन्यांची भाषा निघू शकते. आपल्या भूम तालुक्यात खवा पिढ्यान्‌पिढ्या आटवला जातो. तेव्हा खवा विकायचं दुकान आणि खव्याची भट्टी यांना एका मापाने मोजू नका. भट्टी असेल तर आधी वकिलाला विचारा.

कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली नुसती एक खाट भाड्याने घेऊन, राहत असाल तर पावती हाच करार. तिथे बहुतेकदा कागदच नसतो. डिपॉझिट देताना पावती घ्या आणि ‘किती दिवस आधी सांगायचं’ हे तिच्यावरच लिहून घ्या. पावती देत नसेल तर पैसे रोख देऊ नका, खात्यावर पाठवा.

आणि निघताना गावाचं नाव लक्षात असू द्या. पुण्यातला मालक पुढच्या वर्षी दारात उभ्या राहिलेल्या पोराला पहिल्यांदा विचारतो, ‘कुठलं गाव?’ लाईट बिल थकवून रात्रीत निघून गेलेल्यामुळे त्याच गावच्या दुसऱ्या पोराला खोली नाकारली जाते. तेव्हा शेवटचं बिल भरा, खोली झाडून द्या, हिशेब मिटल्याचं दोघांच्या सहीने लिहून घ्या, आणि मगच गाडीत बसा.